ऑइल शंभर टक्के, पण वळणावर घरघर: मेंटेनन्स माइंडरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगी शाळेत. घरातली मोठी गाडी नवरा ऑफिसला नेतो, म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात बायकोसाठी दुसरी, वापरलेली गाडी घेतली. होंडा सीआर-व्ही, २०१० चं मॉडेल, फोर-व्हील ड्राइव्ह, काट्यावर ६१ हजार मैल, म्हणजे साधारण ९८ हजार किलोमीटर. विकणारा नवऱ्याच्याच ओळखीचा, दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाल्यामुळे घर आवरत होता. गाडी स्वच्छ, टायर बरे, ऑइल विकण्याच्या आठवड्यातच बदललेलं. सोबत त्यानं पावत्यांनी फुगलेलं एक फोल्डर दिलं. फोल्डर ग्लव्ह बॉक्समध्ये गेलं आणि सव्वा वर्ष तिथंच पडून राहिलं.

मालकीणबाई (त्यांचा उल्लेख असाच करतो) गाडी रोज घरापासून मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत नेत. तीन मैल जायचं, दिवसभर गाडी पार्किंगमध्ये उभी, संध्याकाळी तीन मैल परत. शनिवारी ओक ट्री रोडवर वाणसामान, अधूनमधून कुणाच्या घरी गणपती नाहीतर बारसं. वर्षाकाठी अडीच हजार मैलांच्या आसपास. अमेरिकेच्या मानानं हे काहीच नाही, त्यामुळे ‘गाडी चालतेच कुठं?’ हे घरातलं पालुपद झालं होतं.

गाडीत होंडाची ‘मेंटेनन्स माइंडर’ यंत्रणा होती. सर्व्हिसिंगची वेळ आली की डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह उजळतं आणि एक अक्षर व आकडे दिसतात. विकणाऱ्यानं किल्ली देताना सांगितलं होतं, “गाडी स्वतःच सांगते काय करायचं ते, तुम्ही लक्ष ठेवायची गरज नाही.” यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा होता.

ही यंत्रणा नेमकं काय मोजते

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

स्क्रीनवर ‘ऑइल लाइफ’ म्हणून टक्के दिसतात. बहुतेकांना वाटतं, ऑइलमध्ये एखादा सेन्सर बसवला असेल आणि तो ऑइल काळं पडलं, पातळ झालं हे ओळखत असेल. काही महागड्या गाड्यांत ऑइलचा दर्जा ओळखणारे सेन्सर आले, पण या गाडीत तसं काही नाही. इथं इंजिनाचा कंप्युटर हिशेब करतो. इंजिन किती फिरलं, किती तापलं, थंड असताना किती वेळा सुरू झालं, त्याच्यावर भार किती पडला, यावरून ऑइल किती खर्ची पडलं असेल याचा अंदाज बांधतो आणि तेवढे टक्के वजा करतो. हायवेवर सलग धावणाऱ्या गाडीत टक्के सावकाश उतरतात. जानेवारीच्या थंडीत तीन मैल जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते मैलामागे भराभर उतरतात, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि ऑइलमध्ये उतरलेलं पाणी व पेट्रोलचा अंश उडून जायला वेळ मिळत नाही. हिशेब हुशार आहे, यात शंका नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशाच तत्त्वावरची यंत्रणा गाड्यांत आणली, तेव्हापासून ही कल्पना चांगली मुरली आहे.

१५ टक्क्यांवर पान्याचं चिन्ह आणि कोड दिसू लागतो. ५ वर तगादा वाढतो. ० च्या पुढेही तुम्ही गाडी तशीच हाकत राहिलात, तर किती मैल उशीर झाला ते उणे आकड्यात दिसतं.

कोडमधलं अक्षर मुख्य काम सांगतं. ‘ए’ म्हणजे फक्त इंजिन ऑइल बदला. ‘बी’ म्हणजे ऑइल आणि फिल्टर बदला, शिवाय ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, सस्पेन्शन, रबरी बूट (सांध्यांवरची आवरणं), एक्झॉस्ट, सगळ्या द्रवांची पातळी तपासा. त्याला जोडून येणारे आकडे म्हणजे जोडकामं: १ टायरांची अदलाबदल, २ एअर फिल्टर व केबिन फिल्टर आणि बेल्टची तपासणी, ३ ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल, ४ स्पार्क प्लग व व्हॉल्व्हची तपासणी, ५ कूलंट, आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत ६, म्हणजे मागच्या डिफरेन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या भागाचं) ऑइल. आकडे एकटे येत नाहीत. मुख्य अक्षराच्या सोबतीनं येतात, म्हणजे गॅरेजची फेरी एकच पडते.

आता या हिशेबाला काय कळत नाही ते. गाडीत कुठल्या दर्जाचं ऑइल घातलंय हे कळत नाही. ऑइल पुरेसं आहे की तळाला गेलंय हे कळत नाही. आणि ऑइल खरंच बदललं का, हे तर मुळीच कळत नाही. बटण दाबून धरलं की आकडा १०० होतो आणि दिसणारे कोड पुसले जातात, मग ऑइल काढलेलं असो वा नसो. २०१० च्या या मॉडेलमध्ये रीसेट केलं की दिसत असलेले सगळेच कोड एकदम जातात. नंतरच्या गाड्यांत एकेक काम वेगळं निवडून रीसेट करायची सोय आली, पण तिथंही ‘सगळी कामं’ हा पर्याय हाताशी असतोच आणि घाईतला माणूस तोच दाबतो.

भारतातून आलेल्यांचा इथं आणखी एक गोंधळ होतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत स्मरण म्हणजे उलटी मोजणी: १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. अमेरिकेतल्या अनेक टोयोटा गाड्यांतला दिवाही असाच नुसता ५ हजार मैल मोजून लागतो. बाहेरून हे दिवे सारखेच दिसतात, पण आतला हिशेब निराळा असतो. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका उघडून तो कोणता हे पाहणं भाग आहे.

अडचण

२०१७ च्या उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. सासरे एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. शनिवारी सामान आणायला ते हटकून सुनेच्या शेजारी पुढच्या सीटवर बसत. ऑक्टोबरात एकदा दुकानाच्या अरुंद पार्किंगमध्ये सुनेनं स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू आत घेतली, तेव्हा मागून खालच्या बाजूनं म्हशीनं कण्हावं तसा आवाज आला. गाडी किंचित थरथरली. चाकं सरळ झाली की आवाज बंद.

“अगं, हे मागून काय वाजतंय?”

“बाबा, थंडी सुरू झाली की वाजतं थोडं. मागच्या वर्षीही वाजायचं.”

“मागच्या वर्षीपासून?” सासऱ्यांनी एवढंच विचारलं, पण ते गप्प बसणारे नव्हते.

पुढच्याच महिन्यात डॅशबोर्डवर पाना उजळला: १५ टक्के, ‘बी १ २’. घरात समाधान पसरलं. आवाज येतोय, गाडीनंही सर्व्हिसिंग मागितलंय, म्हणजे दोन्ही गोष्टींचा मेळ बसला, असं नवऱ्याला वाटलं. स्टेशनजवळच्या ‘अर्ध्या तासात ऑइल बदलून देतो’ छापाच्या दुकानात गाडी नेली. त्यांनी ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर बदलले, टायरांची अदलाबदल केली, काचेवर स्टिकर लावला, रीसेट केलं. आकडा १००.

आवाज होता तिथंच होता.

मग डीलरचं सर्व्हिस सेंटर. तिथल्या सर्व्हिस अॅडव्हायजरनं गाडी आत घेतली आणि तासाभरानं छापील कागद समोर ठेवला. एक, ‘साठ हजार मैलांची सर्व्हिस’, चारशे डॉलरच्या घरात. दोन, मागच्या डिफरेन्शियलचं निदान, वेगळे पैसे. आणि तोंडी पुस्ती: भाग आतून खराब झाला असेल तर तो बदलावा लागेल, दोन हजारांच्या वर जाईल.

इथं कुटुंब अडलं. नवऱ्याचा मुद्दा बिनतोड वाटत होता: ऑइल १०० टक्के दाखवतंय, कुठलाही कोड नाही, शिवाय त्याच वर्षी राज्याची तपासणीही गाडी पास झाली होती. मग बिघाड आला कुठून?

त्या तपासणीबद्दल दोन शब्द. न्यू जर्सीत ऑगस्ट २०१० पासून खासगी मोटारींच्या तपासणीतून ब्रेक, स्टिअरिंग वगैरे यांत्रिक भाग वगळले गेले आणि तपासणी मुख्यतः धुरापुरती उरली. काचेवरचा स्टिकर डिफरेन्शियलबद्दल काहीच बोलत नाही. नव्यानं आलेल्या बऱ्याच मंडळींना हे ठाऊक नसतं, आणि आपल्याकडच्या पीयूसीसारखाच हा कागद आहे असं कुणी त्यांना सांगतही नाही.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर मला फोन आला. माझं शिक्षण ऑटोमोबाइलचं असल्यामुळे ओळखीतल्या गाड्यांची गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. चार वाटा चर्चेत होत्या.

पहिली, काहीच न करणं. कोड येईल तेव्हा बघू. नवऱ्याचा कल इकडेच होता, आणि तो अगदीच अडाणीपणाचा नव्हता. यंत्रणेवर विश्वास ठेवा असं होंडाच सांगते, उगाच दर ३ हजार मैलांनी ऑइल बदलून घेणाऱ्यांपेक्षा ते कधीही बरं.

दुसरी, डीलरचं पॅकेज घेणं. यात माझी अडचण अशी की या गाडीच्या अमेरिकी पुस्तिकेत मैलांनुसार सर्व्हिसिंगचा तक्ताच नाही. माइंडर आला आणि तो तक्ता गेला. म्हणजे ‘साठ हजारांची सर्व्हिस’ ही कंपनीची यादी नसून त्या काउंटरवर तयार झालेली यादी. त्यातली काही कामं गरजेची होती, काही नुसती ‘पाहून घेतो’ प्रकारची, आणि एअर फिल्टर तर पंधरवड्यापूर्वीच बदललेला. गंमत म्हणजे चारशे डॉलरच्या त्या यादीत मागच्या डिफरेन्शियलचं ऑइल नव्हतंच. ते ‘निदाना’नंतर ठरणार होतं.

तिसरी, निदानाचे पैसे भरून थेट भाग बदलण्याची तयारी ठेवणं. मालकीणबाईंना ही वाट भीतीपोटी पटत होती. रोज पहाटे अंधारात बर्फातून स्टेशन गाठायचं, गाडी मध्येच बंद पडली तर काय?

चौथी वाट सासऱ्यांनी सुचवली, आणि तीसुद्धा प्रश्न विचारून: “ह्या गाडीचं कार्ड कुठंय?”

एसटीत प्रत्येक बसच्या कामाची लेखी नोंद असते. कोणतं ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, कुणी बदललं. चालकाला काय वाटतं हे नंतर, आधी नोंद वाचायची, अशी त्यांची सवय. इथं कार्ड म्हणजे ग्लव्ह बॉक्समधलं ते फोल्डर.

नोंदी काय सांगत होत्या

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही पावत्या मैलांच्या क्रमानं लावल्या. चित्र तासाभरात स्पष्ट झालं.

३० हजार मैलांपर्यंतच्या सगळ्या पावत्या डीलरच्या. त्यात १५ हजारांच्या आसपास मागच्या डिफरेन्शियलचं ऑइल बदलल्याची ओळ होती, म्हणजे त्या वेळी ६ हा आकडा आला होता आणि त्याचं काम झालं होतं. वॉरंटी संपली तशा डीलरच्या पावत्याही संपल्या. पुढच्या सगळ्या पावत्या झटपट ऑइलवाल्यांच्या, आणि प्रत्येकीवर तेच: ऑइल, फिल्टर, ‘लाइट रीसेट’.

४५ हजारांच्या आसपासच्या पावतीच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं होतं: ‘बी १ ६’. दुकानातल्या कुणीतरी गाडी आत घेताना डॅशबोर्डवरचा कोड टिपून ठेवला असणार. खाली छापलेल्या कामांत मात्र ऑइल आणि फिल्टरच, आणि शेवटी रीसेट. ६ चं काम झालं नाही, पण ६ पुसला गेला. कंप्युटरच्या लेखी काम पूर्ण. त्यानं पुढचा ६ तिथून सुमारे ३० हजार मैल लांब, ७५ हजारांच्या आसपास नेऊन ठेवला.

विकणाऱ्याला फोन करून विचारलं. त्याला अंधुक आठवत होतं, “हो, काहीतरी जास्तीचा आकडा दिसायचा. ऑइल बदललं की जायचा.” त्यात त्याचा खोटेपणा नव्हता. दुकानदारानं दिवा विझवून दिला, गिऱ्हाईक खूश.

आता आवाजाचा उलगडा होत होता. या सीआर-व्हीत एरवी पुढची चाकं गाडी ओढतात. पुढची चाकं घसरू लागली की मागच्या डिफरेन्शियलमधल्या दोन पंपांच्या (एक पुढच्या चाकांच्या गतीनं फिरतो, दुसरा मागच्या) गतीत फरक पडतो, त्यातून दाब तयार होतो आणि क्लच मागच्या चाकांना जोडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा लहानमोठ्या होतात, त्यामुळे हे पंप आणि क्लच कोरड्या रस्त्यावरही थोडे कामाला लागतात. आतलं खास ऑइल ताजं असेल तर क्लच मऊपणे घसरतो. ऑइल थकलं की तो अडकत-सुटत राहतो, आणि तेच कण्हणं मागच्या सीटखालून ऐकू येतं. जवळपास ५० हजार मैल तेच ऑइल आत होतं. या गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार मेकॅनिक लोकांना पाठ असते, आणि पहिला उपाय भाग बदलणं नसून ऑइल बदलणं, हेही.

काय केलं

डीलरचं पॅकेज नाकारलं. होंडाच्या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलेला एक स्वतंत्र मेकॅनिक गाठला आणि त्याच्यापुढे ‘आवाज येतोय, बघा’ एवढंच न म्हणता, मैलांच्या क्रमानं लिहिलेला एक कागद ठेवला. त्यानं कागद वाचला, गाडी आवारात पूर्ण वळणावर एकदा फिरवली आणि हसला.

कामाची पद्धत सांगण्यासारखी आहे. डिफरेन्शियलला दोन बोल्ट: वरचा भरायचा, खालचा रिकामं करायचा. आधी वरचा सुटतो की नाही ते बघायचं. जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बोल्ट गंजून बसतात. खालचा सोडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा सुटलाच नाही, तर गाडी लिफ्टवर अडकली म्हणून समजा. आत बसतं लिटरभराहून थोडं जास्त, आणि तेही होंडाचं ड्युअल पंपसाठीचंच हवं. नेहमीचं गिअर ऑइल घातलं तर क्लचची दशा आणखी वाईट. त्यानं जुनं काढलं, ते काळपट आणि जळक्या वासाचं निघालं. नवं भरलं, रिकाम्या आवारात दोन्ही बाजूंना पूर्ण वळणावर गाडी गोल-गोल फिरवली, म्हणजे क्लचच्या फटींतलं जुनं ऑइलही बाहेर आलं, आणि मग तेही काढून पुन्हा नवं भरलं.

ट्रान्समिशनच्या ऑइलचा, म्हणजे ३ चा, पावत्यांत कुठंच पत्ता नव्हता. तो कधी आला आणि पुसला गेला की आलाच नाही, हे सांगता येत नव्हतं. इथं थोडा वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, गिअर व्यवस्थित पडतायत, मग कशाला हात लावायचा? माझं मत बदलावं असं होतं, कारण नोंद नाही म्हणजे झालेलं नाही असंच धरावं. शेवटी खर्च फार नाही म्हणून तेही केलं. ब्रेकचं ऑइलही बदललं. त्याला या मॉडेलमध्ये कोडच नाही. पुस्तिकेत वेगळी ओळ आहे: दर तीन वर्षांनी बदला. ती ओळ वाचलेला माणूस मला आजवर क्वचितच भेटलाय.

मेकॅनिकनं जाता जाता इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, ओढली. ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. अर्ध्या तासाच्या दुकानानं नोव्हेंबरात कमी भरलं होतं की इंजिन थोडं पीत होतं, हे तेव्हा ठरवता आलं नाही. स्क्रीनवर मात्र ९० टक्के. “ऑइल कमी झालं तर दिवा लागेल ना?” मालकीणबाईंनी विचारलं. तो लाल दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. तो लागेपर्यंत पातळी फार खाली गेलेली असते आणि इंजिनाला इजा सुरू झालेली असू शकते.

निष्पत्ती

आवाज त्याच दिवशी बंद झाला आणि पुन्हा आला नाही. डिफरेन्शियलच्या दोन्ही वेळच्या ऑइलसह त्या कामाचा खर्च दीडशे डॉलरच्या आत राहिला.

एक गाठ मात्र उरली. काम ६५ हजारांच्या आसपास झालं, पण कंप्युटरला ते कळवायची सोय नव्हती, कारण कोड दिसत नसताना एकटा ६ रीसेट होत नाही. त्याच्या हिशेबानं ६ यायचा ७५ हजारांच्या सुमारास, म्हणजे ऑइल १० हजार मैलांचंच असताना. दोन पर्याय होते: तेव्हा काम टाळून नुसतं रीसेट करायचं, किंवा गरज नसली तरी लिटरभर ऑइल बदलून कागद आणि कंप्युटर पुन्हा एका रेषेत आणायचे. मालकीणबाईंनी दुसरा निवडला. मला तो पटला. नुसतं रीसेट करण्याची सवय याच गाडीला एकदा भोवली होती. पुढे तो ६ आला तेव्हा त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून मेकॅनिकला पाठवला, ऑइल बदलून घेतलं आणि रीसेटचं बटण स्वतः दाबलं.

ग्लव्ह बॉक्समध्ये आता सासऱ्यांनी आखून दिलेली वही आहे: तारीख, मैल, स्क्रीनवरचा कोड, प्रत्यक्ष झालेलं काम, रीसेट कुणी केलं. शेवटचा रकाना त्यांच्या हट्टाचा.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची पहिली जागा खरेदीच्या दिवशी होती. वापरलेल्या गाडीच्या स्क्रीनवरचे ९० टक्के एवढंच सांगतात की कुणीतरी अलीकडे बटण दाबलंय. फोल्डर त्याच दिवशी पाहिलं असतं, तर ६ ची फट तेव्हाच दिसली असती आणि सौद्यात थोडे पैसेही कमी करून घेता आले असते. पावत्या नसतीलच, तर घेतल्या घेतल्या सगळे द्रव एकदा बदलून तिथून नवी मोजणी सुरू करणं हा महाग वाटणारा, पण शांत झोपेचा मार्ग.

दुसरी जागा २०१७ च्या जुलै-ऑगस्टची, आणि ती कुणाच्या लक्षातच आली नाही. ऑइल बदलून वर्ष झालं तेव्हा स्क्रीन ४० टक्के दाखवत होती, म्हणून गाडी तशीच चालू राहिली. पुस्तिका म्हणते, संदेश आला नाही तरी बारा महिन्यांत ऑइल बदला. ‘गाडी चालतेच कुठं?’ हे घरातलं पालुपद इथं उलटं पडलं. कमी चालणाऱ्या, रोज थंड सुरू होऊन थंडच बंद होणाऱ्या गाडीला या बारा महिन्यांच्या अटीची जास्त गरज असते. गेल्या काही वर्षांत घरून काम करणारे वाढले, त्यांच्या दारातल्या गाड्यांची हीच गत आहे.

तिसरी जागा अर्ध्या तासाच्या दुकानाच्या काउंटरवर. ‘ऑइल बदला’ असं न सांगता ‘बी १ २, यातली सगळी कामं करणार आहात का?’ असं विचारायला हवं होतं. ‘बी’मध्ये ब्रेकपासून रबरी बूटांपर्यंतची तपासणी येते, आणि गाडी लिफ्टवर न घेता ती नीट होत नाही. त्या दुकानात गाडी खड्ड्यावर उभी राहिली होती, चाकंही टायरांच्या अदलाबदलीपुरतीच उतरली होती. तरी रीसेट झालं. ‘बी’ची तपासणी शेवटी स्वतंत्र मेकॅनिककडेच झाली.

आणि डिपस्टिक. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून कायद्यानं मनाई आहे. पंपावरचा माणूस भरतो, आपण काच खाली करून कार्ड देतो. इतर राज्यांत निदान पंपाशी उभं राहावं लागतं, बॉनेट उघडायचं सुचू तरी शकतं. इथं वर्षानुवर्षं गाडी चालवूनही बॉनेट कसं उघडतात हे माहीत नसलेले लोक मी पाहिलेत. मालकीणबाई आता महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, डिपस्टिक पाहतात.

यंत्रणेवरचा विश्वास किती असावा, यावर आमचं आणि त्या मेकॅनिकचं एकमत झालं नाही. तो म्हणतो, स्क्रीनकडे बघूच नका, दर ३० हजार मैलांना सगळी ऑइलं बदला, विषय संपला. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या चुकीच्या रीसेटनं बिघडलेल्याच असतात, त्यामुळे त्याला तसं वाटणं साहजिक आहे. माझं मत अजूनही असं की या गाडीचा हिशेब बरोबरच होता. ४५ हजारांना त्यानं ६ दाखवला, तोही वेळेवर. सासरे दोघांचंही ऐकून घेतात आणि वही भरली आहे का ते फोनवर विचारतात.